बेकूची बुट्टी

मी एक बुट्टी. बांबूची, झाकणाची, एका बाजूची कडी तुटलेली. तुमच्याकडे मला टोपली म्हणत असतील किंवा करंडी. बेंगळुरात मराठी बोलणाऱ्यांच्या घरातसुद्धा मी बुट्टीच. आज सकाळी मला न्हाणीघरात, पाणी तापवायच्या चुलीशेजारी आणून ठेवलंय. एका अंगाला नारळाच्या करवंट्या, दुसऱ्या अंगाला वाळक्या झावळ्या. अशा सोबतीत बांबूच्या वस्तूला बसवलं की पुढं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा वेळ आहे तोवर बोलून घेते.

सिटी मार्केटच्या मागच्या गल्लीत एका मेदार बाईनं, म्हणजे बुरडिणीनं, मला विणलं. कामट्या तासताना तिचं बोट कापलं, ते तिनं घटकाभर तोंडात धरलं आणि पुन्हा कामाला लागली. माझी वीण दाट होती. इतर बुट्ट्यांतून पाणी धो धो जायचं, माझ्यातून जरा विचार करून जायचं. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवत नाही.

सत्तावन्न साली अनुसूयाबाईंनी मला देवाच्या फुलांसाठी विकत घेतलं. जयनगरात त्यांचं नवं घर होतं, भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता. घरात माणसं तीन. अनुसूयाबाई, त्यांचा मुलगा हयवदन आणि सून अहल्या. अनुसूयाबाईंच्या घराण्याला इथं येऊन तीनशे वर्षं झालेली. त्यांच्या मराठीत कानडी इतकी मुरली होती की कुठलं काय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अहल्या मात्र मिरजेहून लग्न होऊन आलेली. आई लहानपणीच गेली, वडील लग्नानंतर वर्षभरात. तिला कानडीचं एक अक्षर येत नव्हतं आणि बोलायला जवळ कुणी नव्हतं.

शेजारी बांधकाम चाललं होतं. तिथल्या वाळूच्या ढिगावरून एक मांजर आमच्याकडे आलं. पांढरं, एका कानावर पिवळा ठिपका. अहल्यानं भाजीवाल्याला खुणेनं विचारलं, याला कानडीत काय म्हणतात? तो म्हणाला, "बेक्कु." अहल्याच्या जिभेवर त्यातला एक क सांडला आणि मांजरीचं नाव पडलं बेकू.

संध्याकाळी दूध ठेवून ती फाटकात उभी राही आणि हाका मारी, "बेकू! बेकू!" एकदा एक गाडीवाला गाडी थांबवून आदबीनं विचारू लागला, "एनु बेकु, अम्मा?" अहल्या घाबरून आत पळाली. अनुसूयाबाईंना हसू आवरेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अगं बाई, बेक्कु म्हणजे मांजर. बेकु म्हणजे पाहिजे! रस्त्यात उभी राहून तू पाहिजे पाहिजे म्हणून ओरडतेस. तो बिचारा विचारतोय, काय पाहिजे, अम्मा? आणि नको असलं तर म्हणावं बेड. स्वल्प शिक की गं."

नाव मात्र बदललं नाही. अहल्या म्हणाली, "पाहिजेच आहे ती मला."

एके दिवशी ही पाहिजे असलेली बाई मोगऱ्याच्या फुलांवर, माझ्यात, अंगाचं वेटोळं करून झोपलेली सापडली. अनुसूयाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या घरात मडी फार, म्हणजे सोवळं. मांजर बसलेल्या बुट्टीत देवाची फुलं कशी ठेवायची? मी देवघरातून बाहेर पडले ती कायमची. त्या दिवशी मला फार अपमान वाटला. पण खरं सांगते, फुलं गार असतात आणि गप्प असतात. बेकू उबदार होती आणि घुरघुरायची. आठ दिवसांत मी देवाला विसरले.

पुढच्या वर्षी अहल्याला दिवस गेले. त्याआधी एकदा पाचव्या महिन्यात तिचं सगळं वाहून गेलं होतं, त्यामुळे घरात कुणी मोठ्यानं आनंद करत नव्हतं. आठवा महिना लागला, तेव्हा बेकूचंही पोट दिसायला लागलं. अनुसूयाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एका छपराखाली दोन बाळंतपणं नकोत," त्या म्हणाल्या.

"अगं आई, मांजर आहे ती," हयवदन म्हणाला.

"असू दे. माझ्या वेळी गोठ्यात गाय व्याली आणि माझं मूल गेलं. मला कळतं सगळं, वेडेपणा म्हण हवं तर. पण मी हे पुन्हा बघणार नाही. दोन महिने कुठंतरी ठेवा तिला. बारसं झालं की मी स्वतः आणायला सांगते."

अहल्या माझ्यापाशी येऊन बसली आणि बेकूच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, "मला माहेर नाही म्हणून मी इथं राहायचं आणि तू माहेरी जायचं. तुला तरी कुठलं गं माहेर?"

मग आमची वणवण सुरू झाली. पलीकडच्या सुनंदाबाई लगेच हो म्हणाल्या, पण बेकू दुसऱ्या दिवशी कुंपणावरून उडी मारून परत. जवळचं घर उपयोगाचं नव्हतं. मग हयवदननं मला मांडीवर घेऊन बसनं चामराजपेट गाठलं. आत मांजर आहे हे कुणाला कळू नये म्हणून तो माझ्यावर ऑफिसचा कागद धरून बसला होता, आणि माझ्या आतून म्याव ऐकू आलं की स्वतः खोकायचा.

तिथं त्याचे काका भीमाचार्य राहायचे. पोथ्या उंदीर कुरतडतात म्हणून मांजर पाहून ते खूश झाले. मग त्यांनी झाकण आणखी वर केलं, बेकूचं पोट पाहिलं आणि विचारात पडले.

"मांजरीचं सोयर आपल्याला लागत नाही," ते म्हणाले. "पण देवघराशेजारी व्याली तर माझी मडी मोडणार. आणि मांजर काय, विचारून का जागा निवडणार आहे?" त्यांनी दोन केळी माझ्यात ठेवली आणि आम्हाला वाटेला लावलं.

जागा मिळाली ती भलतीकडेच. अहल्या तपासणीला दवाखान्यात गेली असताना बाकावर रडत बसली होती. पद्मावतम्मा नावाच्या नर्सबाईंना वाटलं, पोरगी बाळंतपणाला भ्याली. त्या जवळ बसल्या. अहल्यानं मोडक्यातोडक्या कानडीत आपलं दुःख सांगितलं, ते ऐकून पद्मावतम्मा मोठ्यानं हसल्या. रोज दहा बायकांची बाळंतपणं करते, त्यात एका मांजरीची काय भर? घेऊन ये. त्या एकट्याच होत्या, राजाजीनगरात दोन खोल्यांच्या घरात राहायच्या.

जयनगरहून राजाजीनगर म्हणजे दोन बस. अहल्यानं माझ्यात आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला. वाटेत ती एकच वाक्य पुटपुटत होती. दारात पोचल्यावर तिनं ते न चुकता म्हटलं, "स्वल्प दिन मात्र." थोडेच दिवस फक्त.

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, पद्मावतम्मा म्हणाल्या. अहल्या गेली. बेकू दोन दिवस माझ्यातून बाहेर आली नाही.

पंधरा दिवसांनी ती माझ्यातच व्याली. तीन पिल्लं. मी आजवर पुष्कळ ओझी वाहिली, पण इतकं हलकं आणि इतकं जड काही वाहिलं नव्हतं. पद्मावतम्मांनी तीनही पिल्लं पुसली आणि बेकूला "शाणी" म्हणाल्या.

त्याच आठवड्यात एका दुपारी त्या कामावरून आल्या, चपला काढायच्या विसरल्या आणि तशाच माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. बेकू पिल्लांना पाजत होती. पद्मावतम्मांनी कानडीत हळूच सांगितलं, "तुझ्या अम्माचं मूल राहिलं नाही गं." मुलगी झाली होती. एक दिवस होती.

दीड महिन्यानं अहल्या आली. एकटीच आली. लुगडं तेच होतं, पण आतलं माणूस निम्मं झालं होतं. ती म्हणाली, "सासूबाईंनी पाठवलं. म्हणाल्या, घर खायला उठतंय, तिला घेऊन ये."

आता जे झालं ते मला अजून स्वच्छ दिसतं. बेकूनं तो आवाज ऐकला आणि ती खोलीभर धावली. मग तिनं एक पिल्लू मानेला धरून आणलं आणि माझ्यात ठेवलं. दुसरं आणलं. तिसरं पलंगाखाली होतं, तेही आणलं. आणि स्वतः आत बसून अहल्याकडे पाहू लागली. तिची तयारी झाली होती, झाकण लावायचं तेवढं बाकी होतं. पिल्लं लगेच तिच्या पोटाशी लुचायला लागली.

अहल्या बघत राहिली. तिनं माझं झाकण उचलून हातात धरलं. पद्मावतम्मांनी वाकून विचारलं, "बेकू?"

मांजरीचं नाव घेतलं की पाहिजे का म्हणून विचारलं, कोण जाणे. अहल्यानं झाकण खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच अगदी शुद्ध कानडीत उत्तर दिलं, "ईग बेड."

आत्ता नको.

ती मागे न बघता गेली. बेकू तशीच बसून राहिली. मला त्या दिवशी अहल्याचा भयंकर राग आला. जिला हिच्याशिवाय कुणी नाही तिला हिनं टाकून दिलं, असं वाटलं. पुढं कळलं की त्या दिवसांत ती शेजारच्या बाळाचं रडणं ऐकू आलं तरी कानावर उशी घेऊन बसायची. मग राग ओसरला, पण बेकूला हे कोण समजावणार?

पद्मावतम्मांनी त्या दोन शब्दांतला पहिला शब्द घट्ट धरून ठेवला. पिल्लं त्यांनी चांगल्या घरी दिली. बेकूला मात्र दोघीतिघींनी मागितलं तरी दिलं नाही. "ती 'ईग' म्हणाली होती," त्या सांगायच्या. "ठेव आहे ती. येईल न्यायला." मलाही त्यांनी ओसरीवर दाराशी ठेवलं, म्हणजे न्यायला आलं की शोधाशोध नको. दर दसऱ्याला त्या जयनगरला दोन ओळींचं कार्ड टाकायच्या, बेकू बरी आहे म्हणून. बेकू दुपारी बस थांबल्याचा आवाज आला की फाटकाच्या खांबावर चढायची, माणसं उतरून गेली की खाली येऊन माझ्यात झोपायची. अशी चार वर्षं गेली.

बासष्ट साली पद्मावतम्मा कामावरून निवृत्त झाल्या आणि शिमोग्याला भावाकडे निघाल्या. त्यांनी जयनगरला कार्ड लिहिलं: अमुक तारखेला जाते आहे, त्याआधी येऊन घेऊन जा. कार्ड कानडीत. पुढचं मला मागाहून कळलं. अहल्या एव्हाना कानडी फडाफडा बोलायची, पण तिला वाचता येत नव्हतं. अनुसूयाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. हयवदन ऑफिसच्या कामानं हुबळीला. शेजारी कुणालाही दाखवता आलं असतं. पण ही कार्डं अहल्या कधीच लगेच वाचून घेत नसे, तिचा जीव धजत नसे. तिनं ते नेहमीसारखं देवाच्या तसबिरीमागं खोचून ठेवलं.

पद्मावतम्मांनी दोन दिवस जाणं पुढं ढकललं. मग बेकूलाच शिमोग्याला न्यायचं ठरवलं. पण टांगा दाराशी आला आणि बेकू त्यांच्या हातातून निसटून भिंतीवर गेली, ती कितीही हाका मारल्या तरी उतरली नाही. तिला वाटलं असेल, आपण गेलो आणि मागून अहल्या आली तर? पद्मावतम्मा टांग्यात रडत होत्या. त्यांनी मला शेजारी दिलं आणि वाटीभर दूध रोज ठेवायला सांगितलं.

तीन दिवस बेकू आली. दूध प्यायची, माझ्यात डोकावायची, बंद दाराकडे बघायची. चौथ्या दिवशी आली नाही. पाचव्याही नाही.

सहाव्या दिवशी अहल्या आली. हयवदननं परत आल्याबरोबर कार्ड वाचलं होतं, आणि ती होती तशी, हाताला पीठ लागलेलं, निघाली होती. शेजारणीनं मला तिच्या हाती दिलं. माझ्यातला लुगड्याचा तुकडा तिनं ओळखला. तिनं मला काखेला मारलं आणि ती गल्लीतून चालत निघाली.

"बेकू! बेकू!"

एकेका भिंतीवर बघायची, गटारात वाकायची, पुन्हा हाक मारायची. "बेकू! बेकू!" दुपारची वेळ, गल्ली शांत. एक दार उघडलं. मग दुसरं. एक म्हातारी ओट्यावर आली, शिवणाच्या यंत्रावरून एक बाई उठून आली. सगळ्यांनी पाहिलं, एक परकी बाई रिकामी बुट्टी घेऊन भर उन्हात रडत चाललीय आणि ओरडतेय, पाहिजे, पाहिजे. म्हातारी खाली उतरली, तिनं अहल्याच्या दंडाला हात लावला आणि मायेनं विचारलं, "एनु बेकु, अम्मा?"

काय पाहिजे, बाई?

अहल्याला आता कानडी चांगली येत होती. तरी तिला उत्तर देता आलं नाही. तिनं मला पोटाशी धरलं आणि ती त्या ओट्यावर बसून राहिली. म्हातारीनं पाणी दिलं, ते ती प्यायली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिथं होतो.

बेकू मिळाली नाही. नंतर महिनाभर अहल्या एक दिवसाआड दोन बस करून जायची. मग माझी कडी तुटली, मग तिनं जाणं थांबवलं.

त्याला आता सहा वर्षं झाली. अनुसूयाबाई गेल्या. जायच्या आधी त्या एकदा म्हणाल्या होत्या, "मीच घालवली तिला, अहल्या." अहल्या म्हणाली, "नाही, आई. मी." घरात मूल झालं नाही. मांजरही नाही. मी माजघरातल्या खुंटीला रिकामी टांगलेली होते, माझ्यात कुणी कधी कांदासुद्धा ठेवला नाही.

यंदा मला भुंगा लागला. खाली रोज पिवळी पूड पडते. आज सकाळी अहल्यानंच मला खुंटीवरून काढलं, इथं आणून ठेवलं आणि काडेपेटी आणायला म्हणून गेली, ती अजून आली नाही. स्वयंपाकघरात तिच्या बांगड्या वाजतात आणि थांबतात.

अहल्या, मला जळायचं वाईट वाटत नाही. माझ्या जाळावर तुझं आंघोळीचं पाणी तापेल, तेही कामच आहे. फक्त चुलीत घालायच्या आधी एकदा झाकण उघड. तुकडा बाजूला कर. तळाशी, डाव्या कोपऱ्यात, जिथं ती पाठ टेकायची, तिथं विणीत थोडे पांढरे केस अडकलेत. दाट विणीतून सहजी निघायचे नाहीत. सावकाश काढ, आणि तुझ्याजवळ ठेव. आणि ते हातात घेऊन तू फाटकात उभी राहिलीस नि भाजीवाल्यानं विचारलं, "एनु बेकु, अम्मा?" तर या खेपेला गप्प बसू नको गं. तिचं नाव सांग.