जबड्यात तुटलेल्या पट्ट्या

पट्टी पहिली: जबड्यात तुटली. बाद.
पट्टी दुसरी: जबड्यात. बाद.
तिसरी टिकली.

नियम जुना, आणि तसा शहाणा. डंबेलच्या आकाराची प्लास्टिकची पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि ओढायची. मधोमध तुटली तर आकडा खरा. जबड्यातच तुटली तर दोष पकडीचा, ती मोजायची नाही. चाचणी करणारी बाई अकरा वर्षं हे निमूट पाळत आली होती. आजचं प्लास्टिक सिरिंजचं होतं. जंतू मारायला गॅमा किरणांखाली जाऊन आलेलं, मग सहा महिने कपाटात पडून राहिलेलं.

चौथी, पाचवी, सहावी: बाद, बाद, बाद.

बारांपैकी नऊ गेल्या. उरलेल्या तिन्हींची सरासरी झकास. विभागप्रमुख साहेबांनी अहवाल तिच्यापुढे सरकवला. नुसती सही हवी होती.

तिचा हात काही चालेना. तिची नणंद नर्स. इंजेक्शन देता देता सिरिंजचं टोक सुईतच तुटून राहिल्यापासून ती टोमणे मारत होती: वहिनी, तुमचं यंत्र ओढतं की कुरवाळतं?

मग बाईने किरण न लागलेल्या बारा पट्ट्या त्याच जबड्यांत लावल्या. जबड्यात तुटली

एकही नाही.

म्हणजे पकड ठणठणीत होती. किरण खाल्लेलं प्लास्टिकच इतकं ठिसूळ झालं होतं की नुसतं धरताच मान टाकत होतं, आणि नियम नेमक्या त्याच पट्ट्या वेचून फेकत होता. तिने बाराच्या बारा अहवालात लिहिल्या.

साहेब तडकले. नियमापेक्षा शहाण्या झालात का, पकड आवळता येत नाही असं लिहू का तुमच्या नावावर, सही करणारे छप्पन्न मिळतील, असं बरंच बोलले. तिने किरण खाल्लेल्या पट्ट्यांमधली एक त्यांच्या तळहातावर ठेवली.

"तुम्ही आवळा, साहेब. तुमच्या हाताने."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. पट्टी यंत्रात धरली आणि लहान बाळाचं बटण लावावं तसं, अगदी हलक्या हाताने जबडे आवळले. यंत्र सुरू व्हायच्या आधीच

कट्.

साहेब सवयीने म्हणाले, "बाद."

"नाही," ती म्हणाली, आणि त्यांच्यादेखत लिहिलं: पट्टी तेरावी. पकडणारे, विभागप्रमुख. जबड्यात तुटली. मोजली.

खाली ठसठशीत सही ठोकली.

"दुसऱ्या कुणाची हवी असेल, तर हिच्या खाली जागा आहे."