ठोकळ्याचा ताबा

पाण्यात बुडवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला विसाव्या दिवशी खिडक्या फुटल्या. ठोकळा सहा इंचांचा, खिडक्या तांदळाएवढ्या. पाणी मात्र आत जात नव्हतं, म्हणजे काम चोख होतं.

तो ठोकळा मीच भरला होता. मी नाशिकच्या एका साइटवर इंजिनिअर आहे. आमच्या इमारतीच्या भिंती गवंडी बांधत नाहीत, यंत्र छापतं; चकलीच्या सोऱ्यातून पीठ यावं तसं काँक्रीट येतं आणि थरावर थर बसतो. सिमेंट निम्मं, बाकी वीजकेंद्रातली राख. पर्यावरणपूरक म्हणून बिल्डरचा सत्कारही झाला. नियम असा की त्याच काँक्रीटचे ठोकळे भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि प्रयोगशाळेत दाबून फोडायचे. ठोकळ्याने पुरेसा जोर सोसला तर इमारतीत राहायला परवानगी देणारा भोगवट्याचा दाखला मिळतो. मी ठोकळ्यासाठी वेगळं कालवलं, ओंजळभर सिमेंट जास्त घालून. सगळेच करतात. यंत्राच्या मालाचा मला भरवसा नव्हता आणि तसं बोलून दाखवायची छातीही नव्हती.

बाविसाव्या दिवशी ठोकळ्यात माणसं राहायला आली. वाकून पाहिलं तर तिसऱ्या मजल्यावर मंदाताई वाघचौरे दूध तापवत होत्या. या सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. आमच्या इमारतीत फ्लॅट घेतल्यापासून दर रविवारी साइटवर येऊन भिंतीला हात लावून बघायच्या. इमारत सोडून इथे कशा, असं मी विचारलं.

"तिथं हाताला राख लागते, साहेब. हे पक्कं आहे. तुम्ही स्वतः कालवलंय ना?"

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं मला.

तीन-चार दिवसांत सगळी बिऱ्हाडं आली. कपाटं आली, सिलिंडर आले, कुणीतरी गॅलरीत तुळस ठेवली. तळमजल्यावर सोसायटीची पहिली सभा झाली आणि पार्किंगवरून भांडणही झालं. मी रोज टाकीपाशी उकिडवा बसून ऐकायचो आणि उरलेले दिवस मोजायचो. जीव टांगणीला लागला होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळा मांडीवर घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो. तिथले ढगे गेली वीस वर्षं ठोकळे फोडतात. हा फोडू नका, असं मी विनवलं. फोडल्याशिवाय दाखला नाही, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग मी फॉर्म ओढून घेतला आणि लिहिलं की हा ठोकळा इमारतीच्या मालाचा नाही, मी वेगळा कालवला आहे. नोकरी गेली हे सही करतानाच कळलं. तरी हलकं वाटलं, निदान दाबाचं यंत्र तरी टळलं.

ढग्यांनी ते दोनदा वाचलं. मग हा नमुनाच नाही, राडारोडा आहे, असं ते म्हणाले. राडारोडा वाया घालवायचा नाही, भरडून त्याचे फरसबंदीचे ब्लॉक करायचे, असा नवा नियम आहे. भरडायचं यंत्र प्रयोगशाळेच्या मागेच होतं.

"आत माणसं आहेत," मी म्हणालो.

"भोगवट्याचा दाखला आहे?"

"नाही."

"मग माणसं नाहीत."

त्यांनी ठोकळा भरडायच्या यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवला. मी उचलायला गेलो, तर मघाशी मांडीवर मावलेला ठोकळा आता उचलेना; कपाटांसकट सात मजले होते ते, तसूभरही हलले नाहीत. खिडकीला तोंड लावून मी मंदाताईंना सांगितलं की सगळ्यांना घेऊन ताबडतोब बाहेर या.

"येतो की. बाहेर आमचं कुठलं घर पक्कं आहे, तेवढं सांगा."

मी साइटवरची इमारत आठवून पाहिली.

पट्टा सुरू झाला. आतून धूप-उदबत्तीचा वास येत होता. मंदाताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. बोटावर मोहरीएवढा पेढा होता.

"आज वास्तुशांत केली," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहिले."

मी पेढा जिभेवर ठेवला आणि पट्ट्याच्या बाजूने चालत राहिलो.