प्रोसरबाईंच्या सोफ्यातली तुटकी स्प्रिंग

माझ्या डाव्या कुशीत एक तुटकी स्प्रिंग आहे, मित्रांनो, आणि ती मी जिवापाड जपली आहे. लोक म्हणतात, जुन्या वस्तूंनी मायाळू असावे, सगळे पोटात घालावे. मी घातले नाही. वेल्समधल्या एका अरुंद दरीत, बेथानिया चॅपेलच्या भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरात राहणारा मी एक जुना सोफा. माझ्या पोटात लोकर आहे, काथ्या आहे आणि एक सूड आहे.

माझा जन्म दरीच्या तोंडाशी असलेल्या कारखान्यात झाला. सांगाडा पक्क्या लाकडाचा, कापड द्राक्षाच्या दारूच्या रंगाचे. ज्या कारागिराने माझ्या स्प्रिंगा दोरीने आवळल्या, तो काम करताना सतत स्तोत्रे गुणगुणायचा. म्हणूनच की काय, सुराचे वेड मला जन्मापासूनचे.

दुकानात मला काचेजवळ मांडले होते. एके शनिवारी इडवल प्रोसर आणि त्याची बायको आयरवेन आत आली. इडवल छपरांवर दगडी पाट्या बसवायचा. धंदा स्वतःचा आणि कामाला फक्त एक शिडी. दोघे माझ्यावर बसली, थोडी उसळली, एकमेकांकडे बघून हसली. त्याच क्षणी मी त्यांचा झालो. कागद व्हायचे तेवढे बाकी होते.

कागद आणले हेडन बेनन या विक्रेत्याने. तरुण, नीटनेटका, गुळगुळीत दाढी केलेला. हप्ते ठरले. मग त्याने आणखी एक कागद पुढे सरकवला.

"आणि इथं एक सही, काका. हप्त्यांचा विमा. तुम्ही आजारी पडलात, काम थांबलं, तर हप्ते कंपनी भरणार."

"विमा नको मला. नुसता सोफा दे," इडवल म्हणाला.

"विम्याशिवाय कर्ज मंजूरच होत नाही हो."

ही पहिली थाप. तसा काही नियम नव्हता. पण इडवलला ते कुठून ठाऊक असणार?

"बरं. मग एक लिहून घे," तो म्हणाला. "माझी पाठ दुखरी आहे. एकदा छपरावरून पडलोय. डॉक्टरकडे अधूनमधून जावं लागतं."

हेडन मोकळेपणाने हसला. "काका, पाठीसाठीच तर सोफा घेताय! ह्या फॉर्मात पाठीला जागाच नाहीये. करा सही बिनधास्त."

इडवलचे पेन कागदावर अडून राहिले. तेव्हा आयरवेनने त्याला कोपराने ढोसले. का ढोसले, ते तुम्हाला सांगायला हवे.

आमच्या दरीत प्रवचन नुसते सांगत नाहीत. सुरुवात साध्या बोलण्याने होते. मग उपदेशकाचा आवाज तापत जातो, वाक्याचे शेपूट वर उचलले जाते, आणि शेवटी बोलण्याचे गाणे होऊन जाते. त्या चढाला इथे हुइल म्हणतात. हुइल लागली की बाकांवरची माणसे डोळे मिटतात, आणि देव पुढच्या बाकावर येऊन बसतो. साऱ्या दरीत सगळ्यांत उंच हुइल होती बेननबुवांची. हेडन त्यांचा मुलगा. तो विम्याची कलमे वाचत होता, तरी प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज बापासारखाच वर चढत होता.

"अरे, बेननबुवांचा मुलगा आहे तो," आयरवेन नवऱ्याच्या कानात कुजबुजली. "गळा ऐकलास ना? असा गळा खोटं बोलेल होय?"

इडवलने सही केली.

पुढची काही वर्षे माझ्या आयुष्यातली सोन्याची. दर रविवारी उपासना संपली की आमच्या बैठकीत चहा आणि मनुकांचा पाव असायचा. पाहुणे माझ्यावर हात फिरवून म्हणायचे, "काय ऐसपैस बैठक आहे, प्रोसर!" मी फुगायचो. इडवल चॅपेलचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक होता. व्यासपीठाखाली पंचांचे मोठे आसन असते, सगळ्या गावाकडे तोंड केलेले. तिथे बसायचा मान सगळ्यांना मिळत नाही. मला त्या आसनाचा कधी हेवा वाटला नाही. तिथे त्याचा मान बसायचा, माझ्यावर त्याचा थकवा.

मग एका हिवाळ्यात पाठीने दगा दिला. शिडी भिंतीला टेकली ती टेकलीच. इडवलने विम्याचे पैसे मागितले. उत्तर आले, ते त्याने माझ्यावर बसूनच वाचले. कंपनीने लिहिले होते, अर्जदाराने जुने दुखणे लपवून ठेवले होते, सबब काही मिळणार नाही.

"मी लपवलं?" तो एवढेच म्हणाला. "मी?"

मी ओरडलो, मित्रांनो. जेवढ्या स्प्रिंगा होत्या तेवढ्या सगळ्यांनी ओरडलो. त्याने माझ्यासमक्ष, माझ्यावर बसून सांगितले होते! पण सोफ्याची साक्ष कोण काढतो? करकर ऐकून आयरवेन म्हणाली, "तेल द्यायला हवं ह्याला."

पुढच्या रविवारी इडवल ते पत्र घेऊन पंचांपुढे उभा राहिला. घरी येऊन त्याने सांगितले, "मी आसन सोडलं. कागदावर ज्याला लबाड म्हटलंय, त्यानं गावाकडे तोंड करून बसू नये."

बरेच जण म्हणाले, अरे, आम्ही नाही मानत असला कागद. पण काही जण काहीच म्हणाले नाहीत. आणि आमच्या खिडकीखालून जाताना एक आवाज मी स्पष्ट ऐकला, "एवढी मोठी कंपनी उगाच लिहील का?"

त्यानंतर इडवल चॅपेलात गेला नाही. रविवारी तो माझ्या डाव्या बाजूला बसायचा आणि भिंतीला कान लावायचा. पलीकडे हुइल चढू लागली की त्याची बोटे माझ्या हातात रुतायची. त्याच्या त्या एकाच जागी बसण्याने ती स्प्रिंग खचत गेली. तो गेला, आणि त्याच्यामागे थोड्याच दिवसांत ती तुटली. मी रडलो, असे समजा.

आयरवेनने चॅपेलची फरशी पुसून माझे उरलेले हप्ते फेडले. माझ्यावर तिने पांढरी चादर घातली. चादरीखाली वर्षे कशी गेली ते विचारू नका. धूळ पोटात गेली, वाळवी पायाशी येऊन गेली. तुटक्या टोकावर मी गंज मात्र चढू दिला नाही.

आणि मग दिवस फिरले. तो विमा हजारोंच्या गळ्यात फसवून मारला होता, हे देशभर उघड झाले. कंपन्यांना पैसे परत द्यावे लागू लागले. लगेच नवा धंदा निघाला. परत मिळणाऱ्या पैशांत टक्का मागणारे लोक घरोघर फोन करू लागले. एका दुपारी आमचा फोन वाजला. आवाज एवढा खणखणीत होता की चादरीखालून मला शब्द न् शब्द कळला.

"नमस्कार बाई! तुम्हाला कधी हप्त्यांचा विमा चुकीच्या पद्धतीनं विकला गेला होता का?"

वाक्याचे शेपूट वर चढले. आयरवेन ताठ झाली.

"पुन्हा बोला हो," ती म्हणाली. "कमी ऐकू येतं मला."

तो पुन्हा बोलला. सूर पुन्हा चढला. वय झाले होते त्या आवाजाला, पण आयरवेनने सारा जन्म प्रवचने ऐकण्यात घातलेला. चेहरा विसरेल एखादे वेळी, हुइल नाही.

"घरीच या ना," ती गोड आवाजात म्हणाली. "चहाला या."

फोन ठेवून तिने माझी चादर ओढून काढली, डाव्या बाजूवर तळवा दाबून पाहिला आणि म्हणाली, "आहेस ना रे शाबूत?"

मित्रांनो, मी इतका शाबूत कधीच नव्हतो.

हेडन आला. केस पिकलेले, बूट झिजलेले. त्याने तिला ओळखले नाही. मलाही नाही. "इथं बसा, चांगली जागा आहे," म्हणत तिने त्याला डावीकडे बसवले. मी थोडे थांबलो. त्याने कपाला ओठ लावले, आणि मग मी स्प्रिंग सोडली.

"आई गं!" चहा त्याच्या मांडीवर सांडला.

"टोचलं का?" आयरवेन म्हणाली. "इडवल प्रोसरची जागा आहे ती. पाठीचं दुखणं होतं बघा त्याला. तुमच्या फॉर्मात जागाच नव्हती म्हणे पाठीला."

हेडनने माझ्या कापडाकडे पाहिले. मग तिच्याकडे. त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

"बाई, मी तेव्हा पोरगेला होतो. साहेब सांगायचे तसं बोलायचो. पण आता बघा, मीच पैसे काढून देतो की तुम्हाला! आमचा वाटा फक्त तीस टक्के."

"आग लावली तूच, आणि आता पाण्याचे पैसे मागतोस?" तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "टक्का नाही आणि टिकली नाही. अर्ज मीच करणार, तो फुकटात होतो. तुझ्याकडून मला दुसरं हवंय. त्या दिवशी तो काय बोलला आणि तू काय बोललास, ते लिहून सही कर."

"माझी नोकरी जाईल."

"त्याची अब्रू गेली. हे बघ, तुझे वडील वरच्या वृद्धाश्रमात आहेत. दर बुधवारी मी त्यांना भजनं म्हणून दाखवायला जाते. मुलगा काय करतो म्हणून विचारतात मला. काय सांगू?"

हेडनने कप बशीवर ठेवला. मग म्हणाला, "वडिलांना सांगू नका."

"नाही सांगणार. लिही. आणि निकाल आपल्या बाजूनं लागला की चॅपेलात उभा राहून हा जबाब तूच वाचायचास. पण सुरात नाही. कोरडं वाचायचं. एक जरी शब्द गायलास, तर पुन्हा पहिल्यापासून."

कंपनीने आधी हात झटकले. मग हेडनचा जबाब तक्रार निवारण कचेरीत पोहोचला आणि तिथून निकाल आला. विम्यापोटी भरलेले पैसे व्याजासकट परत मिळणार होते. आयरवेनने रकमेकडे पाहिलेही नाही. तिने एकच ओळ मोठ्याने वाचली, माझ्या डाव्या बाजूकडे तोंड करून. "इडवल प्रोसर यांनी काहीही लपवले नव्हते."

त्या रविवारी मी भिंतीला कान लावून होतो. उपासना संपली. बाकांची चुळबुळ थांबली, आणि हेडन वाचू लागला. दोन वाक्ये कोरडी गेली. तिसऱ्याला सवयीने शेपूट वर चढले.

ठक! काठी फरशीवर आपटली.

"सूर नको. पहिल्यापासून."

तो आवाज आयरवेनचा नव्हता. बेननबुवांचा होता. तिने सांगणार नाही म्हटले होते, आणणार नाही असे कुठे म्हटले होते?

हेडनने पुन्हा सुरुवात केली. "विम्याशिवाय कर्ज मिळत नाही, हे मी खोटं सांगितलं." इथवर आला आणि गळा आपोआप वळला. ठक! "पहिल्यापासून." पुन्हा वाचले. पुन्हा ठक. म्हणतात, देवाच्या काठीला आवाज नसतो. त्या दिवशी होता. अखेर सगळा सूर झडून गेला, आणि भिंतीतून आले ते एका साध्या माणसाचे फाटके, कोरडे शब्द. "प्रोसरकाकांनी पाठीचं सांगितलं होतं. मी हसलो. लबाड ते नव्हते. मी होतो."

मग चॅपेलातल्या सगळ्यांनी इडवलचे आवडते स्तोत्र उचलले, एकमेकांत गुंफलेल्या चार सुरावटींत. पंचांच्या आसनावरच्या त्याच्या जागी त्या दिवशी कोणालाही बसू दिले नाही, असे आयरवेनने घरी येऊन मला सांगितले.

आता माझी विनवणी ऐका, मित्रांनो. घरातल्या जुन्या वस्तू उकिरड्यावर टाकू नका. तुम्ही विसरता ते आम्ही ऐकलेले असते. सही करण्याआधी कागद स्वतः वाचा, आणि कुणाचा गळा कितीही गोड असला तरी शब्द कोरडे करून बघा.

आलेल्या पैशांतून आयरवेनने मला नवे कापड घातले. गादीवाला माझ्या डाव्या बाजूला चाचपून म्हणाला, "बाई, ही स्प्रिंग तुटलीय. काढतो."

"हात लावायचा नाही तिला."

"अहो, टोचेल कुणाला तरी!"

"टोचू दे," ती म्हणाली आणि चहाचे आधण ठेवायला उठली. "हेडनच्या वर एक साहेब होता. त्याच्याही वर एक होता. येतील कधीतरी चहाला."