हिऱ्याखालचं पीठ

“पाणी कोमट हवं, कढत नको,” भोवानभाई म्हणाले. “आणि भांड्यांच्या साबणाचे दोनच थेंब. हं, आण आता अंगठी.”

त्यांच्या बायकोनं, समजूबेननी, मूठ उघडली नाही.

सुरतेत घंटीवर, म्हणजे फिरत्या चाकावर, हिरे घासण्यात भोवानभाईंची चाळीस वर्षं गेली होती. लेकीच्या अंगठीतला हिराही त्यांनीच घासलेला. पण हेतल अंगठी न काढताच बाजरीचं पीठ मळायची. “अंगठी काढ गं! तेलातुपानं हिरा आंधळा होतो!” ते रोज ओरडायचे, अन् ती खुशाल हसायची. तीन वर्षांपूर्वी डेंग्यूनं ती गेली. इस्पितळातून अंगठी परत आली, तेव्हा हिऱ्याखाली पीठ वाळून बसलं होतं. समजूबेननी ते कुणाला काढू दिलं नाही. दुपारी त्या डबी उघडून बसत आणि स्वयंपाकघरात कुणीतरी पीठ मळतंय असं त्यांना वाटत राही. उठून पाहायचा मात्र धीर होत नसे.

आता जावयानं दुसरं लग्न केलं होतं. त्यांच्यात रीतच अशी, की नवीला पहिलीच्या आईबापांनी लेक मानायचं. कृपाली आज पहिल्यांदाच या माहेरी यायची होती, आणि अंगठी तिला द्यायची असं ठरलं होतं.

“थोडं राहू द्या की आत. कुणाला दिसतंय?”

“मला दिसतं, हेतलची बा. तीन वर्षं दिसतंय.” ते म्हणाले. “लेकीला द्यायची तर धुऊनच द्यायची.”

समजूबेननी मूठ उघडली. म्हाताऱ्यानं मऊ ब्रशनं हिऱ्याच्या खालची बाजू हळूहळू घासली. पाणी गढुळलं. बाजरीचा ओला वास आला, की समजूबेनना भास झाला, कोण जाणे. लेक आज दुसऱ्यांदा गेली असं त्यांना वाटलं.

कृपाली आली. भेदरलेली, गळ्यात, रीतीप्रमाणे दुसरेपणीच्या बायकोनं घालायची, गेलेल्या सवतीच्या नावाची चांदीची पावलं. अंगठी बोटात चढली, तरी पोरीची मान वर होईना.

“बा, बाजरीचे रोटले मी करते,” एवढंच म्हणून ती परातीपुढं बसली आणि पीठ मळू लागली.

ओसरीवरून भोवानभाई सवयीनं ओरडले, “अंगठी काढ गं, हेतल!”

कृपालीचा चेहरा पांढराफटक पडला. “काढते, बापुजी,” ती पुटपुटली आणि अंगठी ओढू लागली.

समजूबेननी तिचा पिठानं भरलेला हात धरला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तशीच मळ.”