अडुसष्ट बाइट

शेवंतीबाई सलग चौथ्या दिवशी येऊन बाकावर बसली तेव्हा मला तिचा राग आला. खरं तर राग मला माझाच आला होता, पण तो काढायला समोरचं माणूस बरं पडतं.

डोंबिवली पूर्वेला एका बँकेच्या वर दोन खोल्यांत आमची इंटरनेट कंपनी होती. साठ मोडेम, एक राउटर, एक लिनक्सचं मशीन आणि त्या मशीनपुढे मी. साल एकोणीसशे नव्व्याण्णव. इंटरनेटवरून फोन करायला तेव्हा बंदी होती आणि आमचंच कनेक्शन घेतलेल्या कोपरच्या चंदूच्या दुकानात नेमका तोच धंदा जोरात होता. ज्याचं कोणी परदेशात, तो चंदूकडे हेडफोन लावून बसायचा. तेरा ऑक्टोबरला, बुधवारी दुपारी, शेवंतीबाईही तिथे बसली होती. तिचा मुलगा नाथा मालवाहू बोटीवर इंजिनात तेल घालायच्या कामाला. बोट सिंगापूरला लागली होती आणि तो तिथल्या खलाशांच्या क्लबातून बोलत होता. "आये, एक सांगायचा हाय, रागवू नको," एवढं म्हणाला आणि आवाज गेला. त्यानंतर पाच दिवसांनी तो भर समुद्रात बोटीवरून पाण्यात गेला. बोटीच्या कंपनीच्या कागदात 'तोल जाऊन पडला' असं लिहिलं होतं. सापडला नाही.

"चंदू बोल्ला, तुमच्या मशिनीत समदा भरून ऱ्हातं," पहिल्या दिवशी ती म्हणाली होती. "मना फकस्त येवढा सांग, तो काय बोल्ला."

भरून राहत होतं खरं. कोण चोरून फोन करतंय ते शोध, असं साहेबांनी सांगितलं होतं, म्हणून मी टीसीपीडम्प नावाचा प्रोग्राम लावून ठेवला होता. येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे आवाजाचा किंवा मजकुराचा प्रत्येक तुकडा, तो टिपून ठेवायचा. पण त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर तो प्रत्येक पॅकेटचे पहिले अडुसष्ट बाइटच ठेवतो. म्हणजे पाकिटावरचा पत्ता जपून ठेवायचा आणि आतली चिठ्ठी टाकून द्यायची. एक आकडा वाढवला असता तर आवाजही राहिला असता. डिस्क भरेल म्हणून मी तो वाढवला नाही.

एवढंच असतं तर पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झालो असतो. तीन दिवस मी 'मशीन बंद आहे', 'साहेब आहेत' अशी टोलवाटोलवी केली ती वेगळ्या कारणासाठी. त्या बुधवारी चार वाजून वीस मिनिटांनी, साहेब पाठीशी उभे असताना, राउटरवर इंटरनेट फोन अडवणारी ओळ मीच टाकली होती.

चौथ्या दिवशी साहेब ठाण्याला गेले होते. मी म्हटलं, "या मावशी. इथे बसा."

बुधवारची फाइल काढली. चार लाखांवर ओळी. आधी चारनंतरच्या तेवढ्या ठेवल्या. मग चंदूच्या लाइनला त्या वेळी मिळालेला पत्ता लावला, मग सिंगापूरचा. ग्रेपला ग्रेप, म्हणजे चाळणीला चाळणी, जोडत गेलो तशा ओळी गळत गेल्या आणि शेवटी पडद्यावर दोघंच उरली, एक कोपरची आणि एक सिंगापूरचा.

चार वीसला कोपरची पॅकेटं थांबली. ते मला ठाऊकच होतं. सिंगापूरची थांबली नव्हती. माझं मशीन राउटरच्या बाहेरच्या अंगाला होतं, त्यामुळे दारावर येऊन अडलेली पॅकेटंही त्याने टिपली होती. चार एकवीस. चार चोवीस. चार एकोणतीस.

"काय रं?" ती म्हणाली.

"मावशी, शब्द नाही राहिले. कधी बोलला आणि कधी गप्प बसला, तेवढंच कळतंय. तुमच्याकडून तुटलं, पण तो पुढे अकरा मिनिटं बोलत होता."

"माजाच हात लागला त्या वायरीला," ती म्हणाली. "चंदू नाय बोल्ला, पन मना म्हाईत हाय. दीड महिना झोप नाय रं मना."

मग मला राहवलं नाही. "तुमचा हात नाही लागला. मी तोडलं. इथूनच. वरून हुकूम होता."

सांगून टाकलं की हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तिने माझ्याकडे बघितलं. "तो बोलत व्हता ते तुला ठावं व्हता?"

"नाही."

"मंग आता दाव. कवा बोल्ला, कवा गप झाला."

माझी कबुली तिच्या काही कामाची नव्हती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोलणारा गप्प बसला की त्याचा कॉम्प्युटर पॅकेटं पाठवत नाही. त्यावर मी तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला. एका दमात बोललेलं एका ओळीत, आणि दोन सेकंदांहून जास्त गप्प असेल तिथे एक कोरी ओळ. मग वाचायला लागलो. "सात सेकंद बोलला. गप्प, चार सेकंद."

"हां," ती म्हणाली.

मला वाटलं, मला म्हणाली. "बारा सेकंद बोलला. गप्प, तीन सेकंद."

"हां बाला."

तेव्हा कळलं. कोऱ्या ओळीवर बोट ठेवून ती त्याला हुंकार देत होती. मला उठून जावंसं वाटलं, पण वाचत राहिलो. एका ठिकाणी तो सलग पन्नास सेकंद बोलला होता. सांगायचं होतं ते बहुतेक तिथेच असणार. कुठलं पॅकेट कुठल्या क्षणी आलं ते सगळं माझ्यापाशी होतं, आणि त्यात काहीच नव्हतं.

त्यानंतर गप्प बसणं वाढत गेलं. वीस सेकंद. चाळीस. तिचा हुंकार बंद झाला.

"यवढा का थांबलाय?" तिने विचारलं आणि माझ्याआधी तिलाच उमगलं. "रागवू नको बोल्ला. आन मंग माजा आवाज नाय. त्याला वाटला, आयस रागावली."

मी फाइल बंद करायला गेलो.

"वाच," ती म्हणाली.

"सत्तर सेकंद गप्प. मग अर्धा सेकंद बोलला. मग संपलं. चार एकतीस."

"अर्ध्या शेकंदात काय बोलतं मानूस?"

"एखादा शब्द."

"आये," ती म्हणाली.

फोन ठेवण्याआधी माणूस एकदा 'हॅलो' म्हणून बघतो. मीही बघतो. ते मी तिला सांगितलं नाही. शेवटच्या ओळीखाली पडदा कोराच होता आणि तिचं बोट त्यावरून खाली खाली सरकत होतं.

"नाय रं रागावली," ती म्हणाली. "नाय रागावली."