ऊन लागलेलं घराणं

शालिग्राम गुरुजींनी पत्राची घडी उघडली, पुन्हा मिटली, आणि थोरल्या बहिणीला तुरीचं पीक कसं आहे ते तिसऱ्यांदा विचारलं. मनकर्णाबाई अंगणात शेंगा सोलत होत्या. त्यांनी एक भरलेली शेंग भावापुढे टाकली.

पत्र नागपूरच्या डॉक्टरांचं होतं. पंच्याहत्तरच्या दसऱ्याला आलेलं. आता पौष लागला, तरी उत्तर गेलं नव्हतं. धाकटा भाऊ देवमन ऑपरेशननंतर वारला. त्याच्या आतड्यात शेकडो गाठी होत्या, त्यांतली एक कॅन्सरची निघाली. हा दोष आईबापांकडून जन्मतःच उतरतो, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. घरात कोण कशानं गेलं, कोणाच्या शौचातून रक्त जात होतं ते कळवा, भावंडांना आणि मुलांना तपासणीला पाठवा, गाठी वेळीच सापडल्या तर माणूस वाचतो. देवमनची दोन पोरं कामरगावला होती. गुरुजींचं घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. शौचाबद्दल थोरल्या बहिणीला विचारायचं कसं?

"बाई, आपल्या घराण्यात कोनाले उदरविकार होता काय?"

"शाळेतलं शाळेत ठेव. सरळ बोल."

गुरुजींनी तुरीकडे पाहत सगळं सरळ सांगितलं. त्यांचे कान तापले. मनकर्णाबाईंनी शांतपणे एकेकाचा हिशेब दिला. मोठ्या काकाला ऊन लागलं. आत्याला ऊन लागलं. बाबांनाही ऊनच लागलं.

"बाबा तं पौषात गेले, बाई."

"तवा तुह्यं लगन जमून राह्यलं होतं. पोटात गाठ म्हनलं असतं तं कोनं देली असती तुले पोरगी?"

गुरुजींनी चष्मा सावरून अंतर्देशीय पत्रावर एकेक नाव आणि त्याचं खरं कारण लिहिलं. तपासणीसाठी खाली स्वतःचं नाव लिहिताना त्यांचा हात थोडा थांबला.

"माह्यं बी लिव," मनकर्णाबाई शेंग सोलत म्हणाल्या. "मलेबी दोन वर्सं झाली, ऊन लागून राह्यलं."

गुरुजींनी वर पाहिलं. मनकर्णाबाईंनी मान वळवून चेहरा पाहू दिला नाही.

टपालपेटीपाशी गुरुजी पुन्हा थबकले. पत्रातली शौचाबद्दलची दुसरी ओळ फार उघडी झाली होती; जरा बरा शब्द सुचत होता. मनकर्णाबाईंनी त्यांच्या हातातून पत्र घेतलं आणि पेटीत सोडलं.

"चाल, कामरगावची यष्टी येईल," त्या म्हणाल्या. "पोराइले मी सांगतो. तुह्याच्यानं तं होत नाही."