टांगलेलं माप

साहेब, आरटीओच्या तपासणीत तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत. गाडीखाली वाकून बघायची तसदीही न घेता लिहिलंत: मागचा अ‍ॅक्सल वाकलेला, नापास, गाडी पूर्ववत उंच करा.

ती गाडी फरिदाची. पनवेलात तिच्या हातच्या ब्लाउजसाठी बायका महिनाभर थांबतात, पण तिचे पाय लहानपणीच गेलेले. उंच व्हॅनला फळी लावली की ती इतकी उभी व्हायची, की चाकाच्या खुर्चीला मागून दोघांनी रेटावं लागायचं. फरिदाला त्याचीच चीड. कळंबोलीत गॅरेज चालवणाऱ्या तिच्या धाकट्या भावाने, इलियासने, रीतसर परवानगी काढून गाडी चार बोटं खाली बसवली आणि फरिदा एकटी चढली. उंच करा म्हणजे काय, ती पुन्हा ओझं होणार.

घासत होतं खरं. डावं मागचं चाक त्याच्यावरच्या पत्र्याच्या कमानीच्या काठाला लागायचं, उजवीकडे मूठ जाईल एवढी फट. पण अ‍ॅक्सल सरळसोट होता. गाडीच्या अंगाला अ‍ॅक्सल धरून ठेवणारा एक तिरका दांडा असतो. अंग खाली आलं की तो आडवा होतो आणि अख्खा अ‍ॅक्सल एका कुशीला ढकलतो. इलियासने दांडा कापून मध्ये आट्यांचा तुकडा जोडला, फिरवून लांबी बदलेल असा. जॅकवर दोन्ही बाजू सारख्या केल्या. गाडी उतरवली, डावं चाक पुन्हा बाहेर. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग मान खाली घालून तो म्हणाला, उंचच करू या, आपा.

फरिदा गॅरेजच्या दारात बसून सगळं बघत होती.

"ब्लाउजचं माप बाई उभी असताना घेतात, का दोरीवर टांगून?"

 इलियास स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसला.

गाडी जमिनीवर, फरिदा आत तिच्या जागेवर. तिच्याच रिळाचा दोरा घेऊन, त्याला नट बांधून, इलियासने तो दोन्ही कमानींवरून सोडला. दांड्याला अर्धा आटा दिला, गाडी मागेपुढे ढकलली, पुन्हा मापलं. शेवटी दोन्हीकडे बरोब्बर दोन बोटं. कोन गावापर्यंतचे सगळे खड्डे मुद्दाम घेतले. फरिदा कान लावून बसली होती. एकदाही घासलं नाही.

फेरतपासणीला दुसरे साहेब होते. ते गाडीखाली शिरले आणि गाडी पास झाली. फरिदा फळीवरून एकटी उतरली, खुर्ची वळवली, ती थेट तुमच्या टेबलाशी. नापासाचा कागद पुढे सरकवला.

"अ‍ॅक्सल तोच आहे, साहेब. बदललेला नाही. कुठे वाकला होता, ते या कागदावर लिहून द्या. मी बसलेलीच आहे."